अंगठ्यांचा रियाज

जमिनीवर ठेवायचं एक जड खोकं, त्यातून वर येणाऱ्या नायलॉनच्या दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना हातमोजे. इंग्लंडमधल्या एका कंपनीने प्लेस्टेशन-२साठी काढलेल्या या उपकरणाचं नाव गेमट्रॅक. मोजे चढवायचे आणि टीव्हीसमोर उभं राहून ठोसे मारायचे किंवा गॉल्फची काठी फिरवायची. दोरी किती बाहेर आली आणि कुठल्या बाजूला किती झुकली, एवढं मोजलं की हात हवेत नेमका कुठे आहे हे यंत्राला कळतं. एका हाताचे तीन आकडे, दोन हातांचे मिळून सहा. खेळांच्या दुकानांतून ही वस्तू केव्हाच नाहीशी झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅपटॉप ऑर्केस्ट्रात मात्र तिला मानाची जागा मिळाली.

या ऑर्केस्ट्राची कुळकथा प्रिन्स्टनपासून सुरू होते. २००५ साली तिथे डॅन ट्रूमन आणि पेरी कुक या दोघांनी लॅपटॉप वाजवणाऱ्यांचा पहिला वाद्यवृंद उभा केला. कुकचा विद्यार्थी गे वांग पुढे स्टॅनफर्डला गेला आणि २००८ साली त्याने तिथे दुसरा वृंद सुरू केला. वादक जमिनीवर उशा टाकून बसतात, पुढ्यात बुटकं टेबल, अगदी आपल्या बैठकीसारखं. प्रत्येकाच्या शेजारी घुमटासारखा एक स्पीकर असतो. आयकियामधला सॅलडचा लाकडी वाडगा पालथा घालून, त्याला भोकं पाडून, आत गाडीत बसवायचे सहा स्पीकर लावलेले. त्यामुळे प्रत्येकाचा आवाज त्याच्या जागेवरूनच येतो, व्हायोलिनचा किंवा तबल्याचा येतो तसा. सगळ्यांचा आवाज सभागृहाच्या भिंतीवरच्या दोन मोठ्या पेट्यांतून एकत्र काढला असता तर कोण काय वाजवतंय हे कधीच कळलं नसतं. मला या लोकांबद्दल पहिला आदर वाटला तो या वाडग्यांमुळे. आवाज कुठून यावा याचा विचार ज्यांनी इतक्या बारकाईने केला, ती माणसं गंमत म्हणून काहीतरी करून मोकळी होणारी नव्हती.

आणि गेमट्रॅक त्यांनी का उचलला, ते त्या दोऱ्या ओढताना वादकांचे हात बघितले की समजतं. मोजे काढून टाकलेत, दोरीचं टोक चिमटीत आहे. हात वर गेला की आवाज फुगतो, खाली आला की मावळतो. दोरी सतत हाताला मागे खेचत असते, म्हणून हात वर धरून ठेवायलाही बळ लागतं. सूर लांबवायचा तर तो खेच सोसायचा. गाणाऱ्याला श्वास, सारंगीवाल्याला गज आणि पेटीवाल्याला भाता जे करायला लावतो, तेच काम इथे एक दोरी करते.

गेली काही वर्षं मी याच गोष्टीपाशी घुटमळते आहे. दिवसभर कोड लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि संध्याकाळी पेटी. डोंबिवलीतल्या आमच्या भजनी मंडळाला मी साथ करते. ही दोन कामं माझ्या आयुष्यात कधी एकमेकांना भेटतील असं वाटलं नव्हतं. ती भेटली ती भाच्याने टाकून दिलेल्या एका जुन्या गेम कंट्रोलरमध्ये, आणि तेव्हापासून रोज रात्री मी त्याच्यावर भूप राग वाजवते. गमतीखातर वाजवत नाही. वाद्य म्हणून वाजवते.

खेळांच्या उपकरणांतून संगीत काढायचे प्रयोग जुने आहेत. निन्टेंडोचा वी रिमोट २००६ साली आला, तेव्हा जगभरच्या संगीतकारांना जणू घबाड सापडलं. पांढऱ्या कांडीसारखी ती वस्तू, आत तीन दिशांचा प्रवेग मोजणारी चिप, आणि ब्लूटूथ असल्यामुळे कुठल्याही लॅपटॉपला सहज जोडली जाणारी. लोक तिने हवेत ड्रम वाजवू लागले. पण हवेत ड्रम वाजवणं फार अवघड आहे. ढोलावर टिपरू आपटलं की चामडं ते परत उडवतं. पुढचा ठोका अर्धा त्या उडण्यातूनच येतो. हवा हात परत करत नाही. ठोका कुठे संपला हे हातालाच ठरवावं लागतं, आणि हाताचा अंदाज दर वेळी थोडा पुढे-मागे होतो. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, त्यात तर हातात धरायलाही काही उरलं नाही. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचा खड्डा, आणि त्यावर शरीर ओळखण्याचा वेळ वेगळा. संथ आलापीला चालून जाईल. दादऱ्याचा ठेका त्यावर धरता येणार नाही.

हात न लावता वाजणारं वाद्य मुळातच साधत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रशियात १९२०च्या सुमारास जन्मलेलं थेरेमिन असंच हवेत वाजतं, आणि क्लारा रॉकमोरने ते व्हायोलिनच्या तोडीचं करून दाखवलं. ती मुळात व्हायोलिनवालीच होती, हाताच्या दुखण्यामुळे ते सुटलं. मग तिने हवेतल्या हवेत बोटांच्या ठरावीक जागा बसवल्या, वाजवताना बाकीचं शरीर पुतळ्यासारखं स्थिर ठेवायला शिकली, आणि वाद्याचा जनक लिओन थेरेमिन याच्याकडून स्वतःसाठी जास्त सप्तकांचं वाद्य बनवून घेतलं. हवेने जो आधार दिला नाही तो तिने स्वतःच्या शिस्तीतून उभा केला. एवढी शिस्त असलेली माणसं शतकात थोडीच निघतात. आपल्यासारख्यांना हाताला काहीतरी अडवणारं लागतं.

साध्या गेम कंट्रोलरमध्ये असं अडवणारं बरंच काही असतं. दोन छोट्या दांड्या, ज्यांना मुलं 'स्टिक' म्हणतात. अंगठ्याने ढकलली की झुकते आणि सोडली की आतली स्प्रिंग तिला मध्यावर आणून उभी करते. मागच्या बाजूला तर्जनीखाली दोन ट्रिगर, तेही स्प्रिंगवर, आणि किती दाबले ते ० ते २५५ अशा आकड्यांत सांगणारे. मोटारींच्या खेळात उजवा ट्रिगर म्हणजे अॅक्सिलरेटर. वळणावर तो पूर्ण दाबला की गाडी घसरते, सोडला की मागे पडते. म्हणून मुलं तो अर्ध्यावर, पाऊणवर, केसाएवढा कमी-जास्त करत धरून ठेवायला शिकतात.

हे मी भाच्याच्या हातात पाहिलं. ट्रिगरला मी भात्याचं काम दिलं होतं: जितका दाब तितका आवाज. मी वाजवताना आवाज पायऱ्या चढत वर जायचा. त्याच्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हटलं, "शून्यापासून हळूहळू मोठा कर, मध्येच थांबव, तिथेच धरून ठेव." त्याने पहिल्या झटक्यात केलं. आवाज रेघेसारखा सरळ वर गेला आणि जिथे थांबवला तिथे हलला नाही. भात्यावर असा ताबा यायला मला किती काळ घासावं लागलं ते माझं मला माहीत. त्याने संगीताचा एक धडाही घेतलेला नाही.

"कसं केलंस?" मी विचारलं.

"काय कसं? हाफ थ्रॉटल असतं ना, मावशी. रोजचंच आहे."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक विचार ठाण मांडून बसला आहे. या पिढीच्या बोटांचा रियाज झालेला आहे. वर्षानुवर्षं, रोज, स्वतःच्या आवडीने, कुणी मागे न लागता झालेला रियाज. फक्त त्या रियाजाला सूर जोडलेला नाही. "खेळात वेळ घालवतोस" म्हणून आपण ज्या अंगठ्यांना बोल लावतो, त्यांत इतकं बारीक कसब साठलेलं आहे की एखाद्या सतारियाने आपल्या शिष्याच्या बोटांत ते बघितलं असतं तर तो सुखावला असता. पेरी कुकने नवी वाद्यं घडवण्याबद्दल २००१ साली काही सूत्रं मांडली होती. त्यांतलं एक असं की जुन्या वाद्याची नक्कल करत बसण्यापेक्षा माणसाच्या हातात आधीच असलेलं कौशल्य वापरावं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर भाच्याची तर्जनी होती.

आता या कंट्रोलरचा दुसरा गुण, जो दोषासारखा वाटतो. त्याला स्वतःचा आवाज नाही. बासरीचं भोक कुठे पाडलं यावरून सूर ठरतो, तबल्याची शाई किती जाड यावरून नाद ठरतो. कंट्रोलर मात्र फक्त आकडे पाठवतो: स्टिक इतकी डावीकडे, बटण दाबलं, बटण सोडलं. या आकड्याचा सूर करायचा, त्या आकड्याची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. याला मंडळी 'मॅपिंग' म्हणतात. मी ते 'चक' नावाच्या भाषेत लिहिते. गे वांग आणि पेरी कुक यांनीच ती बनवली, फुकट मिळते, आणि कंट्रोलरचे आकडे थेट वाचते. माझ्या मते निम्मं वाद्य या ठरवण्यात असतं. सूर कुठे बसवले यावरून कुठली तान सहज निघेल आणि कुठली अडेल हे आधीच ठरून जातं.

गिटार हिरोचंच बघा. हार्मोनिक्स या कंपनीने २००५ साली तो खेळ आणला. त्यातल्या प्लास्टिकच्या गिटारला पाच रंगीत बटणं आणि छेडायची एक पट्टी. खेळात तुम्ही खरं तर काहीच वाजवत नाही. योग्य वेळी योग्य बटण दाबलं की आधीच मुद्रित केलेली गिटार ऐकू येते, चुकलात की गप्प होते. तीच गिटार लॅपटॉपला जोडली की चित्र पालटतं. पाच बटणं म्हणजे पाच सूर, असं वरवर वाटतं. पण बासरीवर आपण एका भोकाला एक सूर असा हिशोब करत नाही, कुठली भोकं झाकली आणि कुठली उघडी यावर सूर ठरतो. तसं धरलं तर पाच बटणांचे ३२ मेळ होतात, म्हणजे बारा सुरांची अडीच सप्तकं आणि वर दोन. पट्टी वर छेडली की एक बोल, खाली छेडली की दुसरा, सतारीच्या 'दा' आणि 'रा'सारखा. बोटं मात्र चारच असल्यामुळे काही मेळ हाताला जड जातात, आणि ते जड मेळ ज्या सुरांना दिले ते सूर आपोआप कमी वाजतात. खेळण्यातल्या गिटारवर खरं संगीत करणाऱ्यांची कसोटी इथेच लागते.

माझं मॅपिंग मला सुचलं ते जुन्या निन्टेंडोच्या कंट्रोलरवरून. १९९६चा निन्टेंडो-६४ आणि २००१चा गेमक्यूब, दोन्हींच्या स्टिकभोवतीची चौकट गोल नव्हती, अष्टकोनी होती. स्टिक कडेला नेली की आठांपैकी एका कोपऱ्यात जाऊन बसते. आठ कोपरे! सा रे ग म प ध नी सां. भाच्याच्या कंट्रोलरची चौकट गोल होती, म्हणून मी बारीक कानस घेऊन तिच्या कडेला आठ खाचा पाडल्या. आता अंगठ्याला न बघता कळतं की कुठल्या खाचेत आहोत. षड्ज अगदी वर, मग घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडून फिरत जायचं; पंचम अगदी तळाला, तार षड्ज वर डावीकडे. स्टिक कडेला खाचेत टेकल्याशिवाय सूर बदलत नाही. आतून जाताना आधीचाच सूर चालू राहतो, पण मध्याच्या जवळ जाल तसा त्याचा आवाज उतरतो आणि बरोबर मध्यावर संपतो. सूर टिकवायचा तर अंगठ्याने स्प्रिंग रेटून धरायची. सोडली की शांत.

या मांडणीत एक गोष्ट निघाली जी मी ठरवली नव्हती. समोरासमोरच्या खाचा बघा. सा समोर प. रे समोर ध. ग समोर नी. म समोर तार सा. चारही जोड्या षड्ज-पंचम भावाच्या, म्हणजे सा आणि प यांच्यात असतं तेवढंच अंतर असलेल्या! सात सुरांचं वर्तुळ आठ खाचांत बसवलं की संवादी सूर आपोआप एका रेघेवर, मध्यबिंदूच्या दोन बाजूंना येतात. पेटीवर हे असं डोळ्यांना किंवा हाताला कधी दिसत नाही, तिथे सगळे सूर एका ओळीत. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ नुसती स्टिक या टोकाहून त्या टोकाला नेत बसले होते. वाद्याने आपल्याला काहीतरी शिकवावं, आणि तेही आपणच बांधलेल्या वाद्याने, यासारखा आनंद नाही.

भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. ग वरून प ला जायचं तर कडेकडेने जाता येत नाही, वाटेत मध्यमाची खाच आहे. अंगठा कडा सोडून आतून तिरका न्यावा लागतो. त्या तिरक्या वाटेवर स्टिक मध्याच्या सर्वांत जवळ जाते तेव्हा आवाज साधारण सात-दशांशावर येतो आणि पंचमाला परत भरतो. पेटीवर मी ग-प घेते तेव्हा मध्ये काही होत नाही, एक पट्टी सुटते आणि दुसरी लागते. इथे मात्र मध्ये एक हलकीशी उतरण येते, गळ्यातून येते तशी. सा-प घेताना मध्यातूनच जावं लागतं, म्हणून तिथे पूर्ण श्वास पडतो.

उजव्या स्टिककडे मी मींड दिली. वर ढकलली की सूर चढतो, खाली ओढली की उतरतो, सोडली की परत आपल्या जागी. पेटीवाल्या माणसाला हे काय वाटत असेल ते पेटीवाल्यालाच कळेल. मींड नाही म्हणून पेटीने काय काय ऐकून घेतलं आहे! आकाशवाणीने तर तिला १९४० साली बाहेरचा रस्ता दाखवला आणि तब्बल तीन दशकं आत घेतलं नाही.

पण मींडेच्या वाटेत एक अडथळा असतो, त्याचं नाव डेड झोन. स्टिकखालचे सेन्सर स्वस्त असतात, झिजतात, आणि हात न लावताही स्टिक किंचित हलल्याचं सांगत राहतात. म्हणून खेळ लिहिणारे मध्याभोवतीचा एक भाग मेला असं धरून चालतात. तिथली हालचाल मोजतच नाहीत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर स्टिकचा आकडा ३२,७६७पर्यंत जातो, आणि उजव्या स्टिकसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेला डेड झोन ८,६८९ आहे. म्हणजे एकूण अंतराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. शत्रूवर नेम धरताना हे योग्यच आहे. पण दरबारीतला आंदोलित गंधार कुठे राहतो? बरोबर त्या मेलेल्या भागात. सुराच्या आजूबाजूचं ते बारीक झुलणं, ज्याच्यासाठी माणसं जन्म घालवतात, ते या यंत्राला 'हालचालच नाही' असं दिसतं. मी माझा डेड झोन काढत काढत अगदी निसटता ठेवला आहे. त्यामुळे स्टिक चांगल्या प्रतीची लागते. चुंबकावर चालणारे 'हॉल इफेक्ट' सेन्सर आता स्वतंत्र मिळतात, ते घासून झिजत नाहीत. ज्याला हे मनापासून करायचं आहे त्याने पहिला खर्च त्यांवर करावा.

पायऱ्यांचाही प्रश्न असतो. माझी स्टिक २५६ आकडे देते. मींड वरखाली दोन-दोन अर्धस्वरांची ठेवली तर एक पायरी दीड सेंटच्या आसपास पडते (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट), कानाला कळत नाही. पण हाव धरून वरखाली पूर्ण सप्तकाची मींड मागितली की एक पायरी नऊ सेंटच्या पुढे जाते आणि मींडेचा जिना होतो. तो घासून गुळगुळीत करता येतो, पण घासायला वेळ लागतो आणि तेवढा सूर मागे पडतो.

मागे पडण्याबद्दल संगीताच्या माणसांनी फार सावध राहावं. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट या बर्कलीच्या दोघा संशोधकांनी संगणकाच्या वाद्यांसाठी मर्यादा घालून दिली होती: हाताची हालचाल आणि आवाज यांत १० मिलिसेकंदांहून जास्त अंतर नको. कंट्रोलर सेकंदाला १२५ वेळा वाचला जात असेल तर त्यातच ८ मिलिसेकंद जाऊ शकतात. वर आवाजाच्या कार्डाचे सहाएक. चौदा मिलिसेकंदांत ध्वनी जवळजवळ पाच मीटर जातो. म्हणजे तुम्ही बैठकीत आणि तुमची पेटी स्वयंपाकघरात. वाचण्याचा वेग १,००० केला, वायर लावली, की हा विलंब जवळपास निम्मा होतो आणि सूर मांडीवर येऊन बसतो. ब्लूटूथच्या सोयीला भुलू नये.

हे सगळं कुणाला आपल्या परंपरेबाहेरचं वाटत असेल, तर त्याने पुढच्या लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीसमोर उभं राहावं. मुंबईत आणि कोकणात गोविंदा, गणपती, हळद, सगळीकडे जो बेंजो वाजतो, तो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरच्या कळा तारांवर बसवल्या आणि 'ताइशोगोतो' तयार झालं. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लागला, अॅम्प्लिफायर लागला, आणि रस्त्यावरच्या गर्दीला पुरून उरेल असा आवाज आला. पत्रं टाइप करायच्या यंत्राच्या कळा आहेत त्या! आमच्या चौकात वाजवणारे काका डाव्या हाताने त्या कळांवर अशी काही बोटं फिरवतात की गाण्यातले शब्द ऐकू येतात. कळ दाबून धरायची आणि दुसरी हलकेच टेकवायची, मग मुरकी निघते. हे कुठल्या जपानी पुस्तकात लिहिलेलं नसणार. कुणीतरी आपल्या गल्लीत बसून ते शोधलं, आणि मग ते हातांहातांनी पुढे गेलं.

ते पुढे जाऊ शकलं कारण कळा जिथल्या तिथे राहिल्या. काकांच्या बेंजोवर आणि त्यांच्या शिष्याच्या बेंजोवर पंचम एकाच ठिकाणी आहे. कंट्रोलरवाल्यांचं घोडं इथेच अडतं. पेरी कुकचं दुसरं एक सूत्र सांगतं की वाद्य हवं तेव्हा बदलता येणं हा त्या वाद्याला लागलेला शाप आहे. मला ते शंभर टक्के पटतं. इंटरनेटवर कंट्रोलरमधून सुंदर आवाज काढणारी खूप माणसं दिसतात, पण पुढच्या वेळी त्यांच्याकडे नवं मॅपिंग असतं, त्याच्या पुढच्या वेळी नवा कंट्रोलर. हाताला एक जागा सापडते न सापडते तोच ती जागा हलते. अवघड आलं की सराव करण्याऐवजी कोड बदलायचं, याचा मोह फार मोठा असतो, आणि माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला तर सर्वांत मोठा. म्हणून खाचा कानशीने पाडल्या ते बरं झालं. प्लास्टिक घासलं की परत येत नाही.

सध्या मारवा राग चालू आहे. रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र हे मी बैठकीच्या आधी एकदा कंट्रोलरवरच्या फुलीच्या आकाराच्या दिशा-बटणांनी लावून घेते, सतारीचे पडदे सरकवतात तसे; खाचा त्याच राहतात. मारव्यात षड्ज टाळत टाळत जायचं असतं. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून थेट कोमल रिषभ, मग गंधार. माझ्या वर्तुळात निषाद डावीकडे, रिषभ उजवीकडे वर, आणि दोघांच्या मध्ये तार आणि मध्य असे दोन-दोन षड्ज ठाण मांडून बसलेले. कडेने गेलं की षड्जाला धक्का लागतोच. त्यामुळे खालून, मध्याच्या अगदी जवळून जावं लागतं. तिथे आवाज दोन-पंचमांशाच्याही खाली उतरतो. शिवाय मंद्र सप्तकाचं बटण डाव्या तर्जनीखाली दाबून धरलेलं असतं, ते निषादाची खाच सोडल्यावर आणि रिषभाची लागायच्या आत सुटलं पाहिजे. लवकर सुटलं तर मध्य निषाद किंचाळतो, उशिरा सुटलं तर रिषभ मंद्रात पडतो.

भाच्याने मला वाजवताना बघितलं आणि पहिल्यांदा पकडच दुरुस्त केली. "मावशी, अंगठ्याचं टोक नको लावूस, पेर टेकव. आणि मनगट सोड, अंगठ्यानेच जा." खरोखरच टोकाऐवजी पेर टेकवल्यावर आतली वाट ताब्यात येते, स्प्रिंगचा रेटा अंगठ्याला नीट समजतो. मग त्याने स्वतः घेऊन पाहिलं. निषाद, रिषभ, गंधार. तर्जनी अचूक सुटली, षड्जाला स्पर्श झाला नाही. त्याला मारवा माहीत नाही. त्याला एवढंच कळलं की मध्ये एक खाच आहे आणि तिला लागायचं नाही. मी त्याला तंबोरा लावून दिला आणि म्हटलं, आता तीच जागा परत घे, पण ज्या खाचेला लागायचं नाही तिचा सूर हा खाली चालू आहे, तो ऐकत घे. त्याने घेतलं. या वेळी रिषभावर जास्त थांबला. का थांबलास विचारलं तर म्हणाला, "लगेच पुढे जावंसं वाटेना."

"पण निषाद आणि रिषभ शेजारी आणून ठेव ना," तो नंतर म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे."

काम दोन मिनिटांचंच आहे. मी ते करणार नाही, आणि त्यालाही तसं सांगितलं. शनिवारी त्याचा क्लास संपला की तो येतो. नी-रे-ग झालं, आता अवरोहातला धैवत घेतला आहे. पंचम वर्ज्य असल्यामुळे ध वरून तीव्र मध्यमाला जाताना तळाची खाच चुकवावी लागते, आणि ती माझ्याहून त्याला लवकर साधते.